मलमलीची वावटळ

एप्रिलच्या दुपारी आटपाडीच्या माळावर उभे राहिले की एकाच वेळी दोन-दोन, तीन-तीन वावटळी हिंडताना दिसतात. धूळ, पाचोळा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, कधी एखाद्या पोराची टोपी, जे सापडेल ते गोल गोल फिरवीत वर नेतात आणि बांध ओलांडता ओलांडता विरून जातात. २०२५ च्या एप्रिलात अशीच एक वावटळ आमच्या उर्दू शाळेच्या मैदानात शिरली. सातवीचा अख्खा वर्ग खिडकीकडे धावला. एका मुलाने मोठ्या रुबाबात जाहीर केले, "सर, ये एफ-फाइव्ह है!"

त्याने २०२४ सालचा ‘ट्विस्टर्स’ हा इंग्रजी सिनेमा मोठ्या भावाच्या मोबाइलवर पाहिला होता. मग काय, प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. खरेच गाडी उडते का? माणूस पट्ट्याने स्वतःला बांधून घेऊन वाचतो का? आपल्याकडे असे होईल का? बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे स्वागत करावे. उत्तर येत नसेल तर काय करावे, हे मात्र शिकवले नव्हते. त्या दिवशी आम्ही ‘उद्या सांगतो’ म्हणून वेळ मारून नेली. तो ‘उद्या’ पुढे बरेच महिने लांबला. आम्ही जे वाचले, पाहिले, ताडून घेतले, ते या लेखात मांडत आहोत.

सिनेमा सत्यातून काय घेतो आणि काय बदलतो, हे आटपाडीच्या माणसाला मुद्दाम शिकवावे लागत नाही. १९३९ साली औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थांच्या कल्पनेवरून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत उभी केली. गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांनी तिथे भिंतीवाचून राहायचे आणि शेती करायची. या प्रयोगावरून माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. त्या सिनेमात कोरड्या माळावर ढग येतात आणि पाऊस कोसळतो, तो प्रसंग आमच्या वडीलधाऱ्यांना अजून आठवतो. शेवटी जेलर मरतो. प्रत्यक्षातली वसाहत कोणी न मरता पुढे चालत राहिली. पण सिनेमाने मूळ गोष्ट सांडली नव्हती. माणसावर विश्वास टाकला तर तो बदलू शकतो, ही स्वतंत्रपूरची गोष्ट त्यात शाबूत होती. बाकीची सजावट आम्ही माफ केली. टॉर्नेडोच्या सिनेमांकडेही आम्ही याच नजरेने पाहायचे ठरवले. सजावट कोणती, आणि सांडली ती गोष्ट कोणती?

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. मराठीत वर्तमानपत्रे समुद्रातल्या वादळालाही चक्रीवादळ म्हणतात आणि टॉर्नेडोलाही. शास्त्रीय मराठीत ‘घूर्णवाती वादळ’ असा शब्द केलेला आहे, पण तो पुस्तकातच राहिला. माळावरची ती वावटळ. उर्दूत तिला बगूला किंवा गर्दबाद म्हणतात. उर्दू शायरीतला बगूला हा मजनूचा सोबती आहे, सहरात एकटाच भटकणारा. अरबी लोककथांत तर जौबआ नावाचा जिन्नांचा एक सरदार धुळीच्या खांबात बसून प्रवास करतो. आमच्या आजीने जौबआचे नाव कधी ऐकले नव्हते, पण वावटळ दिसली की ती आम्हाला मागे ओढायची आणि पुटपुटायची. शेजारची धनगराची म्हातारी तिच्याकडे पाहून थुंकायची. भूत म्हणा, जिन्न म्हणा, भीती एकच होती.

वावटळ जमिनीतून उगवते. रान तापते, जमिनीलगतची हवा हलकी होऊन उठते, बाजूची हवा तिची जागा घ्यायला धावते, तिला थोडा पीळ पडतो आणि खांब उभा राहतो. त्या वेळी डोक्यावर आकाश बहुधा निरभ्र असते. टॉर्नेडोचे उलटे आहे. तो ढगातून खाली लोंबतो. त्यासाठी दहा-बारा किलोमीटर उंचीचा गडगडाटी ढग लागतो. खालचा वारा एका दिशेचा आणि वरचा दुसऱ्या दिशेचा व जास्त वेगाचा असला की मधल्या हवेला आडवा पीळ बसतो, जशी दोन तळहातांमध्ये समईची वात वळावी. ढगातला वर उसळणारा प्रवाह ही आडवी वात उभी करतो आणि ढगच स्वतःभोवती फिरू लागतो. असे फिरणारे सगळेच ढग टॉर्नेडो सोडत नाहीत. एक सोडतो आणि दुसरा का सोडत नाही, याचे पुरते उत्तर शास्त्रज्ञांनाही अजून मिळालेले नाही. म्हणजे मैदानातली आमची वावटळ एफ-फाइव्ह नव्हतीच, ती एफ-शून्यही नव्हती. ती टॉर्नेडोच्या घराण्यातलीच नव्हे.

आता सिनेमाकडे वळू. मोठ्या पडद्यावरचा पहिला गाजलेला टॉर्नेडो १९३९ चा. योगायोग पाहा, स्वतंत्रपूरचेही तेच वर्ष. एल. फ्रँक बॉम यांच्या बालकथेवर एम.जी.एम. कंपनीने ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ काढला. त्यातली डोरोथी नावाची मुलगी कॅन्सस राज्यातल्या आपल्या घरासकट टॉर्नेडोत उडते. संगणक नव्हता, तेव्हा हे दाखवायचे कसे? आर्नोल्ड गिलेस्पी हे त्या कंपनीचे करामती तंत्रज्ञ. त्यांनी आधी रबराचा शंकू करून पाहिला. खर्च पुष्कळ झाला आणि शंकू काही वळेना. मग विमानतळावर वाऱ्याची दिशा दाखवायला जे कापडी मोजे टांगतात, ते त्यांना आठवले. त्यांनी पस्तीस फूट लांबीचा मोजा शिवून घेतला. वरचे टोक छताखालच्या सरकत्या यंत्राला बांधले, खालचे टोक जमिनीवरच्या गाडीला. वरचे एकीकडे गेले की खालचे दुसरीकडे, आणि मधला भाग सापासारखा वळवळे. मोजाच्या तळातून दाबाच्या हवेने धूळ उडवली.

कापड होते मस्लिन, म्हणजे आपली मलमल. आणि धूळ होती ती फुलर्स अर्थ, जिला आपल्या घरी मुलतानी माती म्हणतात!

हे वाचले तेव्हा आम्ही एकटेच हसलो. मस्लिन हा शब्द इराकमधल्या मोसुल शहरावरून आला असे मानतात. पण मलमलीचे खरे नाव ढाक्याचे. ढाक्याच्या विणकरांनी विणलेली मलमल मोगल दरबारात जात होती, युरोपात जात होती. पुढे कंपनी सरकारच्या काळात आणि मँचेस्टरच्या गिरण्यांपुढे तो धंदा बुडाला, विणकर देशोधडीला लागले. गिलेस्पींचे कापड काही ढाक्याचे नव्हते. तरी अमेरिकेतल्या पहिल्या नामांकित सिनेमा-वादळाचे अंग मलमलीचे आणि धूळ मुलतानी, ही गोष्ट वर्गात सांगितल्यावर मुली एवढ्या खूश झाल्या की तो तास तिथेच संपला. ढाक्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे, म्हणून हा धागा थोडा धरून ठेवावा.

त्या मलमलीच्या टॉर्नेडोची नक्कल आजही चांगली वाटते. दोरीसारखा बारीक, वाकडा, वर एका जागी आणि खाली भलतीकडे, असा खरा टॉर्नेडो असू शकतो. वारा कापडातून दाखवला, पण बरोबर दाखवला. घर उडून तसेच्या तसे सुखरूप उतरते ते मात्र परीकथेतच.

यानंतरचा मोठा टप्पा १९९६ च्या ‘ट्विस्टर’चा. दिग्दर्शक यान डी बाँट. या वेळी टॉर्नेडो संगणकावर तयार झाले. कथेतले शास्त्रज्ञ वादळामागे गाड्या पळवतात आणि ‘डोरोथी’ नावाचे यंत्र टॉर्नेडोच्या वाटेत ठेवायला पाहतात. ही कल्पना हवेतली नव्हती. अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास खरोखर असे एक पिंप बनवले होते आणि त्याला डोरोथीच्या कुत्र्याचे, टोटोचे नाव दिले होते. काही वर्षे ते वादळांच्या वाटेवर नेऊन ठेवले. थेट तडाखा त्याला कधी मिळाला नाही. १९८४ मध्ये एका कमजोर टॉर्नेडोची नुसती कड लागली तर टोटो उलटून पडले. १९८७ पर्यंत ते निवृत्त झाले. सिनेमा आला तेव्हा सिनेमातले यश प्रत्यक्षात कुणालाच मिळालेले नव्हते. ते मिळाले टिम समारास यांना. २४ जून २००३ रोजी साउथ डकोटा राज्यात त्यांनी जमिनीला चिकटून बसणारे कासवासारखे यंत्र टॉर्नेडोच्या वाटेवर ठेवले. टॉर्नेडो त्यावरून गेला आणि हवेचा दाब शंभर मिलिबारने कोसळल्याची नोंद झाली. पुढे ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रिनो इथे चार किलोमीटरहून रुंद टॉर्नेडोने समारास, त्यांचा मुलगा आणि एक सहकारी यांना गाडीसकट घेतले. तेव्हा ‘गाडी उडते का’ या प्रश्नाचे उत्तर असे आहे.

‘ट्विस्टर’मधल्या टॉर्नेडोची गर्जना ऐकून मुलांनी कानांवर हात ठेवले. तो आवाज कशाचा, हे आम्ही त्यांना ओळखायला सांगितले. रेल्वे, ट्रक, सिंह, सगळे झाले. तो उंटाचा आवाज आहे. उंटाचे कण्हणे ध्वनिमुद्रित करून त्याचा वेग कमी केला. मलमल, मुलतानी माती आणि आता उंट! हॉलिवूडने आपल्या बाजारातून आणखी काय काय नेले आहे, ते शोधायला हवे.

आवाज सजावटीत मोडतो, सोडून देऊ. पण दोन चुका सोडून देता येत नाहीत. पहिली दर्जाची. सिनेमातली माणसे टॉर्नेडो लांबून पाहूनच त्याचा दर्जा सांगतात. आमच्या विद्यार्थ्याने तेच उचलले. एफ म्हणजे फुजिता. तेत्सुया फुजिता हे जपानी शास्त्रज्ञ. तरुणपणी ते कोकुरा शहरात शिकवीत होते. नागासाकीवर पडलेला अणुबॉम्ब मुळात कोकुरावर पडायचा होता, ढगाळ आकाशामुळे विमान पुढे गेले. पुढे फुजितांनी नागासाकीला जाऊन स्फोटाच्या खुणा पाहिल्या. झाडे कुठल्या दिशेला झुकली, खांब कसे मोडले, यावरून वर काय घडले असेल ते ओळखायचे, ही नजर त्यांनी तिथे कमावली. मग ते अमेरिकेला गेले आणि १९७१ मध्ये त्यांनी टॉर्नेडोचे शून्य ते पाच असे दर्जे ठरवले. हा दर्जा वाऱ्यावरून नव्हे, पडझडीवरून ठरतो. टॉर्नेडो निघून गेल्यावर माणसे पायी हिंडतात, घरे कशी बांधली होती आणि कशी पडली ते पाहतात, मग आकडा देतात. २००७ पासून अमेरिकेत सुधारित मोजपट्टी वापरतात, तीही पडझडीचीच. म्हणजे पाच हा आकडा ढगात नसतो, तो मोडलेल्या घरांत असतो. सिनेमाने घर काढून टाकले आणि आकडा ठेवला.

दुसरी चूक जास्त महागात पडणारी. ‘ट्विस्टर’च्या शेवटी नायक-नायिका स्वतःला कातडी पट्ट्याने पाइपाला बांधून घेतात. भोवतालचे खोपट उडून जाते, ती दोघे मधोमध आकाश बघत वाचतात. असल्या वाऱ्यात माणसाला वारा मारत नाही. वाऱ्याबरोबर येणारे लाकूड, पत्रा, काच, विटा मारतात. ते सगळे त्या दोघांना चुकवून गेले. चित्राचा परिणाम किती होतो, याचे उदाहरण अमेरिकेतलेच आहे. एप्रिल १९९१ मध्ये कॅन्ससमध्ये काही माणसे महामार्गाच्या पुलाखाली दडून वाचली, ते चित्रीकरण टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवले गेले. लोकांनी समजून घेतले की पूल म्हणजे आसरा. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात तीन वेगवेगळ्या पुलांखाली माणसे दडली आणि प्रत्येक ठिकाणी एकेक जण मेला. पुलाखालच्या अरुंद जागेत वारा उलट जोर धरतो.

आता ढाक्याचा धागा घेऊ. ‘ट्विस्टर’ अमेरिकेत १० मे १९९६ रोजी प्रदर्शित झाला. तिकिटांसाठी रांगा लागल्या. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, १३ मे १९९६ ला, बांगलादेशातल्या टांगाइल भागात खरा टॉर्नेडो उतरला आणि गावेच्या गावे पुसून गेला. मृतांचे आकडे वेगवेगळे सांगतात, पाचशे ते सातशेच्या दरम्यान. तो सिनेमा पाहून बाहेर पडलेल्या किती लोकांनी ही बातमी वाचली असेल?

आणि टांगाइल हा सर्वांत मोठा नव्हेच. जगाच्या ज्ञात इतिहासातला सर्वांत जास्त बळी घेणारा टॉर्नेडो २६ एप्रिल १९८९ चा. जागा ढाक्याच्या पश्चिमेचा मानिकगंज जिल्हा, दौलतपूर आणि साटुरिया. कित्येक महिने पाऊस नव्हता, माती भाजून निघाली होती. रमजानचा महिना होता. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, म्हणजे इफ्तारच्या वेळेला, तो आला. सुमारे १३०० माणसे गेली, बारा हजारांच्या आसपास जखमी झाली, ऐंशी हजार बेघर झाली. साटुरिया गावात उभे म्हणून काही राहिले नाही.

दुष्काळानंतर पहिले ढग दिसले की काय वाटते, हे माणदेशच्या वाचकाला सांगायला नको. आमच्याकडे पाऊस लांबला की ईदगाहवर नमाज-ए-इस्तिस्का पढतात, पलीकडे देवाला कोंडून घालतात, आणि मग सगळेच पश्चिमेकडे बघत बसतात. मानिकगंजच्या माणसांनीही त्या संध्याकाळी काळा ढग पाहिला असेल तो पावसाचा म्हणूनच. आम्ही हे वर्गात सांगितले तेव्हा नेहमी बडबडणारा मागचा बाकही गप्प होता.

तुलनेसाठी अमेरिकेचे आकडे घ्या. पुलांखाली माणसे मेली त्या ३ मे १९९९ च्या टॉर्नेडोत वाऱ्याचा वेग ताशी ४८० किलोमीटरपेक्षा जास्त मोजला गेला. शहराच्या दाट वस्तीतून तो गेला आणि मृत ३६. अमेरिकेतही नेहमी असेच होते असे नाही. २०११ मध्ये जॉप्लिन शहरात दीडशेहून अधिक मेले आणि १९२५ मध्ये तीन राज्यांतून धावलेल्या एकाच टॉर्नेडोने ६९५ जीव घेतले. तरीही ३६ आणि १३०० यांत वाऱ्याचा फरक नाही. फरक तळघराचा आहे, रेडिओवरच्या इशाऱ्याचा आहे, भिंतीचा आहे. मानिकगंजची घरे बांबूच्या तट्ट्यांची आणि पत्र्याची होती. सुटलेला पत्रा वाऱ्यात तलवारीसारखा फिरतो.

बंगालात हे नवे नाही. ७ एप्रिल १८८८ ला खुद्द ढाका शहरावर टॉर्नेडो आला, शंभराहून अधिक लोक मेले आणि नवाबांच्या अहसान मंजिल या हवेलीचा जनानखाना मोडून पडला. हवेलीवर आज जो डौलदार घुमट दिसतो, तो या पडझडीनंतरच्या दुरुस्तीत चढला. त्याच्याही आधी, एप्रिल १८३८ मध्ये, कलकत्त्याच्या पूर्वेला एका टॉर्नेडोने दोनशेवर बळी घेतले होते. त्याच शहरात राहून वादळांच्या नोंदी गोळा करणाऱ्या हेन्री पिडिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४८ मध्ये ‘सायक्लोन’ हा शब्द जगाला दिला. आपल्या देशातली अलीकडची नोंद ३१ मार्च २०२४ ची, बंगालमधल्या जलपाईगुडीची. दिल्लीसुद्धा सुटलेली नाही. १७ मार्च १९७८ ला विद्यापीठाच्या परिसरात टॉर्नेडो आला आणि पंचवीसहून जास्त माणसे दगावली.

बंगालच का, याचे उत्तर नकाशात आहे. दक्षिणेकडून उपसागराची ओली हवा येते, पश्चिमेकडून छोटा नागपूरच्या पठाराची तापलेली कोरडी हवा येते, आणि सगळ्यांच्या वर हिमालयाच्या बाजूने थंड, वेगवान वारा वाहतो. मार्च ते मे या काळात हे तिन्ही एकमेकांवर चढतात. यालाच तिथे कालबैसाखी म्हणतात. अमेरिकेच्या मैदानांतही नेमकी हीच मांडणी आहे. समुद्र फक्त मेक्सिकोच्या आखाताचा आणि डोंगर रॉकी. निसर्गाने दोन्हीकडे सारखेच सामान ठेवले. सिनेमावाल्यांचा कॅमेरा एकीकडेच गेला. आमच्या पाहण्यात तरी मानिकगंजवर मोठ्या पडद्यावरचा एकही सिनेमा आलेला नाही. २०१० च्या ‘माय नेम इज खान’मध्ये शाहरुख खान वादळातल्या माणसांना वाचवायला धावतो, पण तेही अमेरिकेतल्याच एका गावात!

‘ट्विस्टर्स’ या २०२४ च्या नव्या सिनेमाबद्दलही बोलले पाहिजे, कारण सगळा वाद सुरू झाला तो त्यावरून. दिग्दर्शक ली आयझॅक चुंग. यातले ढग, गारा, हवेतला हिरवट उजेड, रडारवरची चित्रे हे सगळे पूर्वीपेक्षा खूप खरे आहे. घरे उद्ध्वस्त झालेली माणसे आणि त्यांच्या पडक्या जमिनी स्वस्तात घेणारे दलाल, हेही यात थोडे का होईना दिसते, त्याचे आम्हाला कौतुक वाटले. मात्र नायिका टॉर्नेडोच्या पोटात पाणी शोषणारी पावडर सोडते, तीच जी बाळांच्या डायपरमध्ये असते, आणि टॉर्नेडो मरतो. हे काही खरे नाही. वादळाच्या ढगात पाणी आणि उष्णता इतकी असते की असल्या पावडरीची किती जहाजे लागतील, याचा हिशेब आमचा सातवीचा वर्गही करू शकेल.

पण ढगात काहीतरी सोडायचे, ही कल्पना आम्हा दुष्काळी लोकांना परकी नाही. २००३ च्या दुष्काळात राज्य सरकारने विमानातून ढगांवर रसायन फवारले होते, तेव्हा आम्ही शाळकरी वयात होतो. विमानाचा आवाज आला की गच्चीवर पळायचो. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात २०१८ आणि २०१९ मध्ये शिस्तीत प्रयोग केला. सुमारे पावणेतीनशे ढग तपासले, काहींत ओलावा ओढणारे कण सोडले, काही मुद्दाम तसेच ठेवले आणि मग तुलना केली. निष्कर्ष निघाला की पाऊस वाढतो, सरासरी अठरा टक्क्यांच्या आसपास, तोही ठरावीक क्षेत्रात आणि ढग मुळात चांगला असेल तर. कोरड्या आकाशातून पाऊस पडत नाही. सिनेमाला असला अठरा टक्क्यांचा नायक चालत नसावा.

उरला मुलांचा शेवटचा प्रश्न, आपल्याकडे असे होईल का? माणदेशात वरच्या थरातला तो वेगवान वारा आणि खालची भरपूर ओल क्वचितच एकत्र येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याच्या केशवनगर-खराडी भागात नदीवर किड्यांचे उंच खांब फिरताना दिसले, वाहिन्यांनी त्याला ‘डासांचा टॉर्नेडो’ म्हटले. ते किड्यांचे थवे होते, वारा नव्हता. आमच्याकडे मारते ते न दिसणारे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त गाव ओस पडतो तो दुष्काळाने, आणि दुष्काळाला सोंड नसते. टेंभू योजनेचे पाणी आल्यापासून डाळिंबाच्या बागा हिरव्या दिसतात, तेवढे बरे. दुसरी मारते ती वीज. देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात. वळवाच्या पावसात झाडाखाली उभा राहिलेला मेंढपाळ त्यात पहिला असतो. ‘दामिनी’ हे पुण्याच्या त्याच संस्थेचे मोबाइल अ‍ॅप विजेचा इशारा देते. आमच्या वर्गात सिनेमा पाहिलेले मोबाइल पुष्कळ घरांत निघाले, दामिनी असलेला एक.

तिसरी गोष्ट आम्हाला फुजितांमुळे कळली. १९७५ मध्ये न्यूयॉर्कला उतरताना एक विमान पडले. त्याचा तपास करताना त्यांना नागासाकीच्या खुणा आठवल्या आणि त्यांनी सांगितले की गडगडाटी ढगातून थंड हवा एकदम खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चारी बाजूंना पसरते. पुष्कळांनी तेव्हा मान्य केले नाही. आज जगभरचे विमानतळ त्यासाठी रडार ठेवतात. वळीव येण्याआधी आमच्याकडे जो गार झोत धूळ उधळीत येतो आणि पत्रे उचलतो, तो हाच. फिरणारा वारा सगळे पिरगाळून टाकतो. कोसळणारा वारा सगळे एका बाजूला झोपवतो.

त्याच मे महिन्यात एका संध्याकाळी असा वळीव झाला. वस्तीतल्या एका गोठ्याचे सहा पत्रे गेले. वर दगड ठेवले होते, नेहमीसारखे. कोणाला लागले नाही, एक शेळी मात्र गेली. सुट्टी असूनही दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-दहा मुले आमच्या दारात आली. आम्ही त्यांना कागद दिले आणि वाकलेली बाभूळ, मोडलेली फांदी, पडलेला खांब जिथे जिथे दिसेल तिथे तिथे बाण काढायला सांगितले. दुपारपर्यंत कागद भरले. गोठ्याच्या मालकाने कौतुकाने चहा पाजला आणि विचारले, "गुरुजी, ह्याचं काय करणार?" कागद जोडून पाहिले तर जवळजवळ सगळे बाण पूर्वेकडे, कडेला थोडे पसरत गेलेले. एफ-फाइव्ह म्हणणारा मुलगा बराच वेळ कागद फिरवून फिरवून बघत होता. शेवटी म्हणाला, "सर, ये घुमा नहीं. ये ऊपर से गिरा."

सहावा पत्रा संध्याकाळी सापडला, अडीचशे पावलांवर, डाळिंबाच्या बागेत, एका झाडाच्या बुंध्यात कोपऱ्यापर्यंत रुतलेला. मालकाने तो ओढून काढला, पायाने सरळ केला आणि परत गोठ्यावर टाकला. या वेळी मुलांनी हट्ट धरला म्हणून दगडांऐवजी हुकाचे बोल्ट आणले. एका पत्र्याला सहा पुरतील असे दुकानदार म्हणाला, मुलांनी आठ मागितले.